माल-सुन

बुसानला उतरलो तेव्हा खिशात एक पत्ता होता.
मी तो कागद उलटा धरून दोघांना विचारला.
दोघांनीही मान तिरकी करून वाचला
आणि दोन वेगळ्या दिशांना हात केला.

मग चढत राहिलो. या गावात सगळं चढावरच:
घरं, शाळा, कपड्यांच्या दोऱ्या,
पाण्याच्या टाकीखाली निजलेलं मांजर.
ड्रायव्हर वळणावर बस अशी काही घालतो
की खिडकीत क्षणभर नुसता समुद्र,
आणि काठावर कंटेनर, निळे, लाल, गेरूच्या रंगाचे,
कापडवाल्याने तागे रचावेत तसे.

सोबत साउले, अल्माटीची.
तिच्या गावापासून समुद्र कुठल्याच बाजूने जवळ नाही.
ती आवाज गोळा करते.
चागाल्चीच्या बाजारात अर्धा तास
ईलमाशांच्या टबाशी माइक धरून उकिडवी बसली.
मासळीवाली वैतागली. घ्यायचे तर घ्या, नाहीतर उठा.
हे कळायला कोरियन यावी लागत नाही.

पत्ता निघाला योंगदो बेटावर, गोदीमागच्या गल्लीत.
जहाजं इथे दुखणी काढायला येतात.
वंगणाचा वास, गंजलेले नांगर,
एका पंख्याच्या पात्यावर
कुणीतरी वाळत घातलेल्या मिरच्या.

आणि प्लास्टिकच्या स्टुलावर ती. ब्याऐंशीची. माल-सुन.
आमच्याकडे माल म्हणजे बोटीतून उतरतो तो.
तिच्याकडे माल म्हणजे शेवट.
चार मुलींनंतर बापाने वर कळवलेलं: पुरे.
मी म्हटलं, आमच्याकडे अशीला नकुशा म्हणतात.
तिचा नातू ह्वान-गी तिच्या कानाशी वाकला, ओरडला,
नकुशा! नकुशा!
समोरच्या वेल्डरने काच वर करून पाहिलं.
ती इतकी हसली की दात सावरावे लागले.

एकवीस वर्षं जहाजांच्या कुशीला लोंबकळली ती.
दोन दोर, एक फळी, एक हातोडी.
कालवं खरवडायची, गंज पाडायचा,
ठाण् ठाण् ठाण्, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत,
चाळीस बाया एका लोखंडावर.
शेजारणीची हाक ओठांवरून वाचायची.
सुरुवातीला रात्री उशीवरही हातोडी चालू.
पुढे ती थांबली,
आणि जाताना बाकीचंही घेऊन गेली.
असं ह्वान-गी सांगतो.
तिला मात्र सांगायचं असतं
अमक्या बोटीचा तळ केवढा होता ते.
हात पुरत नाहीत, मग उठून गल्लीभर चालून दाखवते.

साउलेने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले,
सकाळची गोदी ऐकवायला.
ती डोळे मिटून बसली. बराच वेळ.
एकदा मान हलली. एकदा भुवई चढली.
काढून परत देताना म्हणाली,
छान आहे, जरा मोठ्याने वाजतंय.
साउलेने यंत्राकडे पाहिलं.
बटण दाबायचंच राहिलं होतं.

शनिवारी दोनला पूल उठला.
भोंगा झाला, बस थांबल्या,
मधल्या पिवळ्या रेघेसकट रस्ता आभाळाकडे उभा राहिला.
युद्धात ताटातूट झालेली माणसं म्हणे इथेच येऊन थांबायची,
या शहरातलं दुसरं नावच ठाऊक नव्हतं त्यांना.
साउले नेमकी पलीकडे अडकली,
संत्री आणायला गेली होती.
मधे पंधरा मिनिटं तो उभा रस्ता,
खालून एक लहानशी बोट,
तिच्यावर दात घासणारा माणूस.

पूल टेकला. ती धावत आली.
या वेळी बटण दाबलं होतं, म्हणाली.
काय आलं?
एक बाई. शेजारी उभी होती.
पूर्ण वेळ फोनवर कुणाला तरी बजावत होती.
ह्वान-गीने रात्री ऐकून अर्थ सांगितला:
भात झाकून ठेवलाय, डावीकडे,
डावीकडे, अरे, डावीकडे.